बाबांचे गुडघे आणि ‘वन इन फिफ्टीन’

जपानमधल्या योकोकावा स्टेशनात उतरलात की डोंगर नंतर बघा, आधी गटारावरच्या जाळ्या बघा. मी बाहेर नकाशाची पाटी शोधत होते. मागे वळले तर बाबा उकिडवे बसलेले. गुडघ्यांपायी गेली चार वर्षं जमिनीवर जेवायला न बसलेला माणूस परदेशात येऊन गटारापाशी उकिडवा! म्हटलं, काही पडलं का तुमचं? तर म्हणाले, “अगं, जाळी नाहीये ही. रॅक आहे.”

खरंच होता. तीन जाड लोखंडी पट्ट्या शेजारी शेजारी, प्रत्येकीला वरून दाते, आणि एकीचे दाते दुसरीच्या दात्यांपेक्षा जरासे पुढे सरकवलेले. पूर्वी इंजिनाखालचं दातेरी चाक ह्यांत अडकत अडकत गाडी घाट चढायची. पट्ट्या तीन आणि दाते मागेपुढे अशासाठी की कुठला ना कुठला दात कायम चाकात असावा. रॅकचं काम संपलं, तो उखडला आणि इथल्या लोकांनी गटारावर टाकला. वस्तू वाया न घालवण्यात ही मंडळी माझ्या आजीच्या वरताण आहेत.

तर हा रिव्ह्यू ‘अपुतो नो मिची’ ह्या वाटेचा. टोकियोहून सकाळी निघून रात्री घरी येता येईल, जंगल असेल, काहीतरी बघण्यासारखं असेल आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना झेपेल असा ट्रेक सांग, असं आमच्या निशी-कासाईतल्या तीन जणींनी वेगवेगळं विचारून झालं. तिघींना एकदाच सांगते.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. गुन्मा प्रांतातलं योकोकावा घाटाच्या पायथ्याला, नागानो प्रांतातलं कारुइझावा माथ्यावर. मधला उसुइ घाट ११.२ किलोमीटरचा, आणि तेवढ्यात साडेपाचशे मीटरची चढाई. १८९३ साली इथे रेल्वे सुरू झाली. २६ बोगदे, १८ पूल आणि चढ १५ ला १. आपला बोरघाट ३७ ला १ आहे, आणि तिथेही मागून इंजिनं लावल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणून इथे रोमान आप्ट ह्या स्विस इंजिनिअरची दातेरी पद्धत आणली. ‘आप्ट’चं जपानी तोंडात ‘अपुतो’ झालं. मिची म्हणजे वाट. आपल्या निलगिरीच्या गाडीलाही हीच पद्धत आहे. १९६३ साली नवा मार्ग आणि जड विजेची इंजिनं आली, दाते गेले. १९९७ च्या १ ऑक्टोबरला शिनकानसेन (बुलेट ट्रेन) सुरू झाली आणि घाटातली रेल्वे कायमची बंद पडली. त्या बंद मार्गावर आता चालायची वाट आहे.

बाबा कर्जतचे. नोकरीची शेवटची अकरा वर्षं त्यांनी कर्जत-लोणावळा बँकरवर काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागे जास्तीची इंजिनं लागतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलतात आणि परत खाली येतात. हे बँकर. लहानपणी ‘बाबा कुठे गेलेत?’ ह्याचं आमच्या घरातलं उत्तर ‘गाडी ढकलायला’ असं असायचं. त्यामुळे माझा हा रिव्ह्यू जरा त्यांच्या बाजूला झुकलेला आहे, हे धरून चाला.

आता मुख्य मुद्दा. ‘मध्यम’ लिहिलेला ट्रेक म्हटलं की आपल्याला दगडी पायऱ्या, मुळं, दोऱ्या आठवतात. इथे तसलं काहीच नाही. १५ ला १ चढ आगगाडीच्या जिवावर येतो, पण माणसाला तो म्हणजे पंधरा पावलं टाकली की एक पाऊल वर. पायऱ्या नाहीत. डॉक्टरांनी बाबांना ‘चाला, पण जिने टाळा’ असं सांगितलंय; त्या वाक्यासाठीच जणू ही वाट बांधली. दम लागत नाही. थकवा येतो तो लांबीचा, कारण चढ कुठेही सोडत नाही. सपाटीचा एक तुकडा मिळावा, पोटऱ्या सैल व्हाव्यात, असं होतच नाही. योकोकावा ३८७ मीटरवर, वाटेचं वरचं टोक कुमानोताइरा ६८९ वर. जायला सहा किलोमीटरच्या जरा वर आणि यायला तेवढंच. मध्यम म्हणायचं ते ह्या बारा किलोमीटरमुळे. ज्यांना एवढं नको त्यांनी मेगानेबाशी ह्या पुलापर्यंत जावं, ४.७ किलोमीटर, आणि परत फिरावं. बघण्यासारखं सगळ्यात मोठं तिथेच आहे.

टोकियोहून शिनकानसेनने ताकासाकी साधारण पन्नास मिनिटं, तिथून योकोकावाची लोकल अर्धा-पाऊण तास. पैसे वाचवायचे तर उएनोहून साध्या गाडीने ताकासाकी, दोनेक तास. खरी मेख पुढच्या लोकलची: ती साधारण तासाला एक आहे. ताकासाकीला कॉफी घेत बसलात तर तास गेला. योकोकावा आता शेवटचं स्टेशन. रूळ पुढे जातात असं वाटतं आणि संपतात. बाबा त्या टोकाशी उभे राहून बराच वेळ काही बोलले नाहीत.

आम्ही नोव्हेंबरच्या मध्यावर गेलो, गुरुवारी, कारण मला सुट्टी गुरुवारची मिळाली. मेपल लाल झालेली, गर्दी बेताची. पण गुरुवारचे दोन तोटे झाले. एक, खालून ‘तोगे नो यु’पर्यंत जी छोटी ट्रॉली गाडी धावते ती सुट्टीच्या दिवसांची, आम्हाला मिळाली नाही. दुसरा तोटा खाण्याचा, तो पुढे सांगते.

सुरुवातीचा भाग, खरं सांगायचं तर, थोडा निराशेचा आहे. १९६३ च्या मार्गावर डांबरासारखं काहीतरी घालून रूळ त्यात बुजवलेत. वर नुसत्या दोन चकचकीत रेघा दिसतात. शेजारी ट्रॉलीचा रूळ, दुसऱ्या बाजूला ‘सुगी’ ह्या जपानी देवदाराची सरळसोट झाडं. सोसायटीच्या जॉगिंग ट्रॅकवर आल्यासारखं वाटलं. बाबा म्हणाले, “खडी दिसत नाही तर रेल्वे कसली?” मला पटलं. पण मग मारुयामा सबस्टेशन येतं आणि तोंड बंद होतं. लाल विटांच्या दोन लांब इमारती, कमानदार खिडक्या, आजूबाजूला गवताशिवाय काही नाही. १९१२ साली ह्या मार्गाला वीज आली, त्या वेळच्या ह्या इमारती: एकीत यंत्रं, दुसरीत बॅटऱ्या. चढावर जास्तीचा जोर लागला की बॅटऱ्यांतून पुरवायचा. बाबांनी खिडकीच्या काचेला हात लावून आत डोकावण्याचा प्रयत्न केला आणि काचेवर नाकाचा ठसा ठेवून आले.

‘तोगे नो यु’ म्हणजे घाटातलं गरम पाणी, आंघोळीचं ठिकाण. जाताना थांबू नका, पाय ढिले पडतात. मात्र शौचालय आणि पाणी इथेच उरका. पुढे खायला-प्यायला काही विकत मिळत नाही. इथून खरी जुनी लाइन सुरू होते आणि पहिला बोगदा लागतो.

बोगदे दहा. विटांचे, आत मंद पिवळे दिवे, छतातून ठिबकणारं पाणी. बाहेर उन्हात स्वेटर काढलात तरी कमरेला बांधून ठेवा, आतला गारवा थेट कानात शिरतो. दिवे संध्याकाळी सहाला बंद होतात. नोव्हेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारासच मावळतो, त्यामुळे मी तर म्हणेन तीनच्या आत उतरायला लागा आणि टॉर्च ठेवा. सकाळी आठच्या आत टोकियो सोडणं आलंच.

बोगद्यांची एक गोष्ट बाबांना इतकी आवडली की ती त्यांनी रात्री व्हिडिओ कॉलवर काकांना, मामांना आणि शेजारच्यांना सांगितली. वाफेच्या इंजिनांच्या काळात चढणाऱ्या गाडीमागोमाग हवा बोगद्यात ओढली जायची आणि धूर गाडीबरोबरच वर चढायचा. ड्रायव्हर, फायरमन गुदमरायचे. म्हणून बोगद्याच्या खालच्या तोंडाशी माणूस ठेवलेला असायचा. गाडी आत शिरली रे शिरली की त्याने मोठा पडदा ओढायचा, मागून येणारी हवा बंद. गाडी बाहेर गेली की पडदा उघडायचा. दिवसभर हेच काम, आणि राहायला तिथेच जंगलात, बायकापोरांसकट. “म्हणजे आपला बोरघाटातला केबिनवाला,” बाबा म्हणाले. “ठाकूरवाडीचा. नागनाथचा. त्याच्याकडे निदान चहाला कुणी तरी यायचं.” ह्या धुरापायीच इथे विजेची गाडी इतक्या लवकर आली, जपानमधल्या मुख्य मार्गांवर सगळ्यात आधी.

पाचव्या बोगद्यातून बाहेर पडलं की एकदम उजेड आणि पायांखाली पूल. खूप जणांना कळतच नाही की आपण मेगानेबाशीवर उभे आहोत, कारण वरून नुसता रस्ता दिसतो. कठड्यावरून खाली बघितलं की पोटात गोळा येतो: ३१ मीटर. बघायचा असेल तर बाजूच्या पायऱ्यांनी खाली रस्त्यावर उतरा. हो, पायऱ्या, सगळ्या वाटेत इथेच काय त्या आहेत. बाबांना म्हटलं तुम्ही वर थांबा, मी फोटो काढून आणते. ऐकतील तर ना. एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत, कठडा धरून, पंधरा मिनिटांनी खाली.

आणि खालून तो जो काही दिसतो! चार कमानी, ९१ मीटर लांब, सगळा विटांचा. १८९२ साली बांधलेला. सुमारे वीस लाख विटा लागल्या. आराखडा पाउनॉल नावाच्या इंग्रज इंजिनिअरचा. मेगाने म्हणजे चष्मा, कमानींमुळे पडलेलं नाव. दुपारी एकच्या सुमाराला ऊन एका बाजूने लागतं आणि विटांचा रंग गेरूसारखा होतो, मागे लाल-पिवळी पानं. बाबांनी खांबाच्या विटेवर टिचकी मारून बघितली. का, ते त्यांनाच ठाऊक. मग म्हणाले, “ह्याच्यावरून दातेरी इंजिन जाताना हादरे किती बसत असतील.” हे पूल-बोगदे दीडेक वर्षात उभे केले, आणि त्यात पाचशेहून जास्त माणसं गेली असं इथे सांगतात. तिथे उभं राहून फोटो काढताना हे आठवलं की मोबाइल जरा खाली येतो.

इथे माझी चूक झाली, ती तुम्ही करू नका. उतरताना बाबांना चालवायचं नाही, पुलापासून बस घ्यायची, असं मी ठरवलं होतं. योकोकावा ते कारुइझावा बस आहे, पण फेऱ्या मोजक्या, आणि पुलापाशी ती काही ठरावीक दिवसांतच थांबते. मी जुनं वेळापत्रक सेव्ह करून ठेवलं होतं. थांब्यावर पोचलो तर त्या गुरुवारी बस नव्हतीच. दोष सर्वस्वी माझा. “चल, तोवर वरचं टोक बघून येऊ,” बाबा म्हणाले, जणू काही बस चुकल्याचा त्यांना आनंदच झाला होता.

पुलानंतरचा सहावा बोगदा सगळ्यात लांब, ५४६ मीटर. वळणाचा आहे, त्यामुळे दुसऱ्या टोकाचा उजेड बराच वेळ दिसत नाही. ह्या भागात माणसं विरळ झाली. ‘अस्वलांपासून सावध’च्या पाट्या आहेत, मी बॅगेला छोटी घंटा लावली होती. बाबांच्या मते मी पाड्यावरच्या गायीसारखी वाजत होते. अस्वल दिसलं नाही, माकडं दिसली. पावसाळ्यात गेलात तर जळवा असतात, मोजे उंच घाला.

कुमानोताइराला वाट संपते. इथे मात्र बाबांना हवी होती ती रेल्वे आहे: गंजलेले रूळ, खडी, वर तारांचे खांब, पुढे बंद बोगद्यांची काळी तोंडं, शिस्त नाही, सजावट नाही. एकेकाळचं स्टेशन. एका बाजूला कडेवर बाळ घेतलेल्या आईचा पुतळा आहे. १९५० च्या जूनमध्ये आधी पडलेली दरड काढायचं काम चालू असतानाच पहाटे मोठी दरड आली आणि रेल्वेची माणसं, शेजारच्या क्वार्टर्समधल्या त्यांच्या घरच्यांसकट, पन्नास जण गाडले गेले. पाटीवरचं जपानी मी अडखळत वाचून दाखवलं. बाबांनी टोपी काढली. जुलैतल्या रात्री बोरघाटात मंकी हिलजवळ दरड पडली म्हणून घरी फोन यायचा आणि आई रात्रभर स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवायची, हे मला तेव्हाच आठवलं. त्यांना काय आठवलं ते मी विचारलं नाही. तिथल्या दगडावर बसून आम्ही आईने बांधून दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

उतरताना सोपं जातं असं लिहितात, ते तिशीतल्यांनी लिहिलेलं. एकसारख्या उतारावर गुडघ्यांना ब्रेक लावत राहावं लागतं. बाबांनी ह्यावर तोडगा काढला: प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी दोन मिनिटं थांबायचं. “कॅच सायडिंग,” म्हणाले. बोरघाटात उतरणारी गाडी अशीच ठरावीक जागी पुरती थांबते. नाही थांबली तर चढाच्या बाजूच्या रुळावर वळते. त्या हिशेबाने आम्ही बिनअपघात खाली आलो. काठी मात्र घेऊन जा, दोघांत एक तरी.

खाली आल्यावर रेल्वेचं संग्रहालय, ‘बुन्का मुरा’. ह्याला पाऊण तास ठेवला होता. घोर चूक. दोन तास ठेवा, आणि शक्यतो सकाळी आधी हेच बघा. तिथे ईएफ ६३ आहेत, १९६३ नंतर ह्या घाटात गाड्या ढकलणारी इंजिनं. १०८ टन एकेक, कायम जोडीने, कायम योकोकावाच्या बाजूला. चढताना ढकलायचं, उतरताना धरून ठेवायचं. लोक त्यांना ‘घाटातले शेर्पा’ म्हणायचे. पैसे भरून, एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन ते खरंखुरं इंजिन चालवता येतं. आम्ही पोचलो तेव्हा पांढरे हातमोजे घातलेले एक काका चालवत होते. बाबा कुंपणाला धरून उभे. इंजिन थांबलं तशी काकांनी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी हाताने ब्रेक ओढल्याची खूण करून अंगठा वर केला. काका वाकले. बाबाही वाकले. पुढची पाच मिनिटं ते वाकणं संपेना. पाट्या बहुतेक जपानीत आहेत, हे एक उणं; मोबाइलचं भाषांतर ‘सहायक इंजिन’चं काहीही करतं.

आणि शेवटी तोगे नो कामामेशी, घाटावरचा हंडीभात म्हणा हवं तर. इंजिनं लागेपर्यंत प्रत्येक गाडी योकोकावाला थांबायची, म्हणून ओगिनोया ह्या स्टेशनाबाहेरच्या जुन्या दुकानाने १९५८ साली गरम भात मातीच्या भांड्यात भरून फलाटावर विकायला सुरुवात केली. गाडी सुटली की विक्रेते रांगेत वाकून निरोप द्यायचे. घाट, बँकर, थांबा आणि खाणं. कर्जतच्या बटाटवड्याचा जन्म ह्याच कुंडलीवर झालेला आहे. मंद गोडसर भात, कोंबडी, शिताके मशरूम, बांबूचे कोंब, लावीचं अंडं, एक चेस्टनट, एक जर्दाळू. जर्दाळू शेवटी खायचा की मध्ये, ह्यावर माझं मत अजून बनलेलं नाही. लोणची वेगळ्या डबीत. चवीला सौम्य, आपल्या जिभेला ठेचा आठवेल. पण बारा किलोमीटरनंतर ते जड, कोमट भांडं दोन्ही तळव्यांत धरणं हेच निम्मं जेवण आहे. किंमत तेराशे-चौदाशे येनच्या आसपास, भांडं आपलं.

बाबांचा गुरुवार. कोंबडी चालत नाही. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, आत काय काय आहे ते मोजलं, परत झाकलं आणि उरलेला धपाटा काढला. एक भांडं मी संपवलं, एक आमच्या ह्यांच्यासाठी घरी नेलं. परतीच्या लोकलमध्ये बाबांनी विचारलं, “कुमानोताइराच्या पुढे ते बंद बोगदे आहेत ना, तिथे कुणाला सोडतात का?” सोडतात. गाइडबरोबर, हेल्मेट घालून, आधी नाव नोंदवून. हाइसेन वॉक म्हणतात. “मग तिकीट पुढे ढकलता येईल का बघ. आणि वार गुरुवार नको.”

तिकीट काही ढकललं गेलं नाही. दोन्ही भांडी मात्र त्यांनी लुंगीत गुंडाळून हँडबॅगेतून कर्जतला नेली. आई एकात दही लावते. दुसऱ्यात बाबांनी सुट्टे पैसे ठेवलेत आणि त्याला हात लावायचा नाही असं सांगितलंय.